मॅट कोट मारला की विमान पांढरं पडतं, त्यावर काय करायचं

जून संपता संपता पावसाने जोर धरला की दर वर्षी हा प्रश्न येतोच. प्लास्टिकच्या मॉडेल विमानाचा रंग नीट बसला, डिकाल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं-अक्षरं) बसले, पॅनल लाइन (पत्र्यांच्या जोडांच्या खोबण्या) भरून झाल्या, शेवटचा मॅट क्लिअर (चमक मारणारा पारदर्शक थर) मारला आणि थोड्या वेळाने बघतो तर अख्ख्या विमानावर पांढरट झाक. कुणी म्हणतं राख फासल्यासारखं दिसतंय, कुणी म्हणतं साय धरली. दोन-तीन महिन्यांची मेहनत शेवटच्या पाच मिनिटांत गेली असं वाटून पोटात गोळा येतो. मी त्यातून गेलोय, म्हणून आधी एवढंच सांगतो: बहुतेक वेळा मॉडेल वाचतं. फक्त घाबरून लगेच दुसरा कोट मारू नका आणि थिनरचा बोळा तर अजिबात फिरवू नका. मॉडेल पांढरं पडण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो. आधी आपला पांढरेपणा कुठल्या जातीचा आहे ते ओळखायचं, मग हात लावायचा.

माझ्यावर ही वेळ आली ती हॉकर हंटर या लढाऊ जेटच्या मॉडेलच्या वेळी. १:७२ चं किट, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं, भारतीय हवाई दलाचं मार्क ५६, म्हणजे १९७१ च्या डिसेंबरात जैसलमेरहून उडून लोंगेवालाच्या रणगाड्यांवर तुटून पडली त्या हंटरच्या कुळातलं. नाकापासून शेपटापर्यंत जेमतेम साडेएकोणीस सेंटीमीटर. वरून गडद हिरवा आणि डार्क सी ग्रे, पोटाला चंदेरी. रंगांची ही जोडी मुद्दाम सांगतोय, कारण फिकट करड्या विमानावर पांढरी झाक खपून जाते, गडद हिरव्यावर ती लपत नाही.

मी डोंबिवलीला राहतो आणि एअरब्रश (दाबाच्या हवेने रंग फवारणारं पेन) गॅलरीत चालवतो. जुलै महिना, बाहेर संततधार. वॉश (खोबण्यांत उतरवलेला पातळ गडद रंग) नीट सुकावा म्हणून मॉडेल रात्रभर बेडरूममध्ये ठेवलं, कारण एसीमुळे तिथली हवा कोरडी असते. सकाळी पाऊस उघडल्यासारखा वाटला म्हणून मॉडेल तसंच उचलून गॅलरीत आणलं आणि लगेच लॅकरचा (तिखट थिनरवर चालणारा, झपाट्याने सुकणारा) मॅट क्लिअर मारला. पहिला हात उजव्या पंखावर. ओला असेपर्यंत सुंदर दिसत होता. मग पंखाच्या मागच्या कडेपासून धुकं चढत यावं तसा पांढरेपणा पुढे सरकायला लागला. मिनिटभरात राउंडेलचं (पंखावरच्या तिरंगी गोल चिन्हाचं) केशरी कडं दुधात केशर कालवल्यासारखं फिकट झालं आणि हिरव्या-करड्यातली सीमारेषा पुसट झाली. डावा पंख मी मारलाच नव्हता. एकाच विमानाचे दोन पंख शेजारी शेजारी, एक खरा आणि एक धुक्यातला. ते दृश्य अजून डोळ्यासमोर आहे.

हे का होतं, ते कळलं की अर्धा प्रश्न सुटतो

एसीच्या खोलीतून बाहेर आलं की चष्म्यावर वाफ धरते, ती आपण रोज बघतो. माझ्या हंटरच्या पंखावर तेच झालं होतं, फक्त पाण्याचा थर पातळ होता म्हणून दिसला नाही. हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन बसते, त्याला दवबिंदू म्हणतात. तो काढायची एक सोपी रीत आहे: १०० मधून आर्द्रतेचा आकडा वजा करायचा, पाचने भागायचं, येईल तितके अंश हवेच्या तापमानातून कमी करायचे. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर असेल तर हा हिशोब बऱ्यापैकी बरोबर येतो, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती पन्नासच्या खाली येतेच कुठे. गॅलरीत २८ अंश आणि ८८ टक्के धरा. १०० वजा ८८ म्हणजे १२, भागिले ५ म्हणजे २.४. दवबिंदू साधारण साडेपंचवीस. माझं मॉडेल रात्रभर २४ अंशांत होतं. म्हणजे मी अक्षरशः ओल्या मॉडेलवर क्लिअर मारला.

पण मॉडेल एसीतून आणलेलं नसलं तरीही हे होतं. लॅकरमधला द्रव झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभागातली उष्णता घेऊन जातो. हातावर सॅनिटायझर घेतल्यावर गार लागतं, तसंच. २७ अंश आणि ९० टक्क्यांना पृष्ठभाग फक्त दोन अंशांनी गार झाला की दव धरलंच. त्याच २७ अंशांना आर्द्रता ६० असेल तर आठ अंशांची उसंत मिळते. जानेवारीत बेधडक मारलेला क्लिअर जुलैत दगा देतो तो याच फरकामुळे. हे पाण्याचे कण अर्धवट सुकलेल्या थरात अडकतात, नंतर तेही उडून जातात आणि मागे राहतात बारीक पोकळ्या. प्रकाश त्यांच्यावर विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. म्हणजे पांढरा रंग नावाचं तिथे काही नसतंच, नुसत्या पोकळ्या असतात. म्हणूनच त्या बुजवता येतात.

आधी ओल्या बोटाची परीक्षा

मॉडेल पूर्ण सुकू द्या, निदान एक रात्र. मग बोट पाण्यात बुडवून एखाद्या न दिसणाऱ्या पांढऱ्या जागेवर, म्हणजे शेपटाच्या खाली वगैरे, हलकेच टेकवा आणि उजेडात तिरकं धरून बघा.

ओलं असताना पांढरेपणा गेला आणि पाणी सुकल्यावर परत आला, तर दोष वरच्या थरात आहे आणि वरूनच बरा होईल. ओलं करूनही तसाच राहिला, तर तो थराच्या आत खोल किंवा त्याहून खाली आहे. वरून कितीही क्लिअर मारला तरी तो काचेखालच्या डागासारखा तसाच राहणार.

मग पांढरेपणाचा आकार बघा. सगळीकडे सारखा पसरला असेल तर बहुधा दमट हवा. फक्त डिकालच्या कडेच्या आत असेल, अक्षरांच्या मधल्या रिकाम्या फिल्मवर, तर ते डिकालचं चंदेरी पडणं. डिकालच्या बाहेर, भोवती वाळलेल्या पाण्याच्या डागासारखी कडी दिसत असतील तर तो डिकालचा गोंद. पंख धडाला मिळतो त्या कोपऱ्यात, हवा शिरण्याच्या तोंडाशी खरखरीत भुकटी असेल तर रंग हवेतच सुकून आलाय. आणि खोबणीत, रिव्हेटच्या खड्ड्यांत पांढरं साठलं असेल तर मॅट करणारी पूड जास्त झालीय.

दमट हवेने पांढरं पडलेलं

लॅकर क्लिअर असेल तर उपाय लॅकरनेच होतो. मी मिस्टर कलरचं लेव्हलिंग थिनर वापरतो, त्यात सुकणं लांबवणारं रिटार्डर आधीपासून असतं. तामियाच्या लॅकर थिनरचाही रिटार्डर घातलेला प्रकार मिळतो. रंग किंवा क्लिअर काही न घालता नुसतं हे थिनर एअरब्रशमध्ये घ्यायचं, दाब दहा-बारा पीएसआय, अंतर साधारण एक वीत, आणि धुक्यासारखा हलका हात फिरवायचा. पृष्ठभाग ओला होऊन वाहता कामा नये, नुसता दमट झाला पाहिजे. वरचा थर किंचित सैल होतो, पोकळ्या मिटतात आणि हळू सुकल्यामुळे पुन्हा दव धरत नाही. दहा मिनिटं थांबा, बघा, लागला तर दुसरा हात. माझ्या हंटरचा उजवा पंख तीन हातांत परत आला. पहिल्या हातानंतर फारसा फरक दिसला नाही, दुसऱ्यानंतर राउंडेलचं केशरी उमटायला लागलं. त्या वेळी झालेला आनंद नवीन किट उघडतानाही झाला नव्हता.

पण दोन गोष्टी सांभाळा. हे थिनर तिखट असतं. डिकालवर आधी ग्लॉसचा (चकचकीत क्लिअरचा) थर नसेल तर डिकाल सुरकुततो. इनॅमलचा किंवा ऑइलचा वॉश असेल तर तोही थोडाफार सरकतो, आणि माझ्या एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीच्या) कडेचा वॉश सरकला, तो नंतर परत करावा लागला. दुसरं म्हणजे क्लिअर पाण्याचा ॲक्रिलिक असेल तर त्यावर लॅकर थिनर मारूच नका, थर फाटतो. ॲक्रिलिक वार्निशचा पांढरेपणा बहुतेक वेळा जाड थरामुळे किंवा पहिला थर पुरता सुकायच्या आत दुसरा मारल्यामुळे येतो. त्याला चोवीस तास सुकू द्या, मग त्याच कंपनीच्या ग्लॉसचा एक पातळ हात मारा. ग्लॉसने पोकळ्या भरतात, रंग परत येतो. मग कोरडा दिवस बघून पुन्हा मॅट.

स्प्रेच्या डब्याने मारणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो, कारण डब्यातून सुटणारा वायू स्वतःच गारवा घेऊन येतो. डबा मारण्याआधी पाच-सात मिनिटं कोमट पाण्यात उभा करून ठेवा. कोमट म्हणजे हात सहज बुडवता येईल इतकंच. गॅसजवळ किंवा उकळत्या पाण्यात डबा कधीही नेऊ नका, तो फुटतो.

कॉम्प्रेसरचं पाणी

हे कारण पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा ती तापते, नळीतून येताना गार होते आणि तिच्यातली वाफ नळीतच पाणी होते. बिनटाकीच्या छोट्या कॉम्प्रेसरवर पावसाळ्यात पंधरा-वीस मिनिटं काम केलं की एअरब्रशच्या तोंडातून मध्येच एक थेंब फुटून येतो. मॉडेलवर गोल पांढरे ठिपके दिसत असतील, एकसारखी झाक नसेल, तर दोष इथे शोधा. रंग न भरता नुसती हवा एका छोट्या आरशावर मिनिटभर मारा. ठिपके दिसले की समजलं. पाणी अडवणारा सापळा कॉम्प्रेसरला चिकटून असेल तर हवा गरम असतानाच तिथून पुढे निघून जाते आणि पाणी पुढे नळीत बनतं. म्हणून मी एअरब्रशच्या बुडाशी दुसरा छोटा सापळा लावलाय, आणि पावसाळ्यात दर दहा मिनिटांनी थांबून तो रिकामा करतो. टाकी असेल तर काम संपल्यावर खालचा नळ उघडून पाणी काढून टाका, नाहीतर आतून गंज धरतो.

डिकाल चंदेरी पडला असेल तर

हंटरवरच्या नंबरांची सुरुवात बीए या अक्षरांनी होते. काळी अक्षरं आणि मध्ये पारदर्शक फिल्म. खालचा रंग मॅट असेल तर तो सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत रानासारखा असतो. फिल्म त्याच्या टेकड्यांवर टेकते आणि दऱ्यांत हवा राहते. ती हवाच चंदेरी चमकते. म्हणून डिकालआधी ग्लॉस हवाच. तामियाचा एक्स-२२ लॅकर थिनरमध्ये पातळ करून मारला की आरशासारखा बसतो. लोक हा थर वेळ वाचवायला गाळतात आणि मग तीन संध्याकाळी दुरुस्तीत घालवतात.

आता चंदेरी पडलाच असेल आणि वर क्लिअर नसेल, तर बारीक सुईने किंवा नव्या ब्लेडच्या टोकाने फिल्मला जागोजागी टोचे द्या, वर मायक्रो सोल (डिकाल मऊ करणारं द्रावण) लावा आणि हात लावू नका. डिकाल सुरकुतेल, बघून छाती धडधडेल, पण सुकताना तो आपोआप ओढून सपाट होतो. लागलं तर दोन-तीनदा करा. गरम पाण्यात पिळलेला मऊ कपडा अर्धा मिनिट दाबून धरला तरी मदत होते. लक्षात ठेवा, निळ्या अक्षरांच्या बाटलीतलं मायक्रो सेट डिकालच्या खाली लावायचं, तांबड्या अक्षरांच्या बाटलीतलं मायक्रो सोल वर. वर मॅट मारून झाला असेल तर टोचून फायदा कमी, कारण सोल खाली पोचत नाही. अशा वेळी मी तेवढा डिकाल चिकटपट्टीने उचलून काढतो आणि जादा डिकाल असेल तर नवा लावतो. नसेल तर ती फिल्म वॉशच्या घाणीत दडवतो. ते काही मनाला पटत नाही, पण दिसत तरी नाही.

डिकालभोवतीची कडी म्हणजे पाण्यात उतरलेला गोंद. क्लिअर मारायच्या आधी ओल्या इअरबडने पुसला तर दहा सेकंदांचं काम. क्लिअरखाली अडकला तर तो कायमचा राहिला.

भुकटी आणि पूड

भुकटीचा उपाय सोपा आहे. लांबून, जास्त दाबाने किंवा पंख्याखाली मारलं की कण वाटेतच सुकतात. दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर ओला करून अगदी हलक्या हाताने फिरवा, पुसा, ग्लॉसचा हात मारा.

मॅटची पूड मात्र लक्ष देण्यासारखी आहे. मॅट क्लिअरमध्ये बारीक सिलिका असते, तीच चमक मारते आणि तीच बाटलीच्या तळाशी जाऊन बसते. नुसती बाटली हलवून ती उठत नाही, काडीने तळ खरवडून ढवळावा लागतो. न ढवळता वरवरचं वापरत राहिलं तर पहिली तीन विमानं तुकतुकीत होतात आणि चौथं पांढरं, कारण तोवर बाटलीत राहिलेली असते नुसती पूड. एखाद्याची जुनी बाटली अचानक बिघडली असं ऐकलं की मी आधी विचारतो, ढवळत होतास का? तामियाचा एक्स-२१ फ्लॅट बेस स्वतः मिसळणाऱ्यांनीही हात आखडता ठेवावा. आणि मॅट एकदम ओला मारला की खोबणीत पूड साठते. पातळ तीन हात मारावेत, मध्ये थांबून.

कॅनपी (कॉकपिटवरची काच) आतून धुरकटली असेल तर

याचा मॅटशी संबंध नाही, पण प्रश्न सोबतच येतो. सुपरग्लूची वाफ बंद कॉकपिटमध्ये कोंडते आणि काचेवर पांढरी बसते. बाहेरून काही करता येत नाही. कॅनपी अलगद उचकटावी लागते. मग ती पाण्याच्या ॲक्रिलिक ग्लॉस क्लिअरमध्ये बुडवून, खालची कड टिश्यूला टेकवून जादा क्लिअर निथळू द्यायचा आणि धूळ बसू नये म्हणून वाटीखाली झाकून सुकवायची. परत चिकटवताना फेव्हिकॉल वापरा, तो सुकून पारदर्शक होतो आणि त्याची वाफ काच धुरकट करत नाही.

वेदरिंग (मॉडेल जुनं, वापरलेलं दाखवणं) करणाऱ्यांसाठी

काही जण म्हणतात, पांढरं पडलं तर पडलं, उन्हाने विटलेलं विमान दिसतं, ठेवून दे. मला हे पटत नाही. उन्हात उभं राहिलेलं विमान एकसारखं विटत नाही. वरचा भाग जास्त विटतो, बदललेलं एखादं पॅनल गडद राहतं, तंत्रज्ञ जिथे पाय ठेवतात तिथे रंग झिजतो. दमट हवेची झाक डिकालवर, रंगावर, धुराच्या डागावर सारखीच पसरते, आणि नजरेला ते लगेच खोटं वाटतं. विटलेपणा हवा असेल तर तो क्लिअरच्या खाली, मूळ रंगात थोडा फिकट करडा मिसळून पॅनलच्या मध्यभागी मारायचा.

उलटा प्रकारही होतो. धुळीची पिगमेंट (रंगाची कोरडी पूड) लावून त्यावर मॅट मारला की धूळ गायब, कारण ओल्या क्लिअरने कणांमधली हवा भरून निघते. ओल्या बोटाने पांढरेपणा जातो त्याचंच हे दुसरं रूप. म्हणून जैसलमेरच्या वाळूची पिवळट धूळ मी चाकांवर, चाकांच्या खोबणीत आणि फ्लॅपच्या खालच्या कडेला मॅट कोटनंतरच लावतो आणि त्यावर पुन्हा काही मारत नाही. हंटरच्या नाकाखाली तीस मिलिमीटरच्या चार एडन तोफा असतात. त्यांच्या तोंडापासून मागे जाणारी काजळी मात्र आधी, कारण ती चिकटून राहिलेली असते आणि क्लिअरखाली छान दबून बसते. पिगमेंट थिनरने भिजवून लावणार असाल तर ओलं असताना ते गडद आणि कमी दिसतं, सुकल्यावर दुप्पट पांढरं. कमीच लावा आणि सुकेपर्यंत वाट बघा.

मी आता पावसाळ्यात काय करतो

गॅलरीत भिंतीला एक छोटा आर्द्रतामापक टांगलाय. पंचाहत्तरच्या वर आकडा असेल तर लॅकर क्लिअर मारत नाही. रंग मारतो, डिकाल लावतो, कॉकपिट करतो, काम काय कमी असतं? अगदीच मारायचं झालं तर क्लिअर पातळ करायच्या थिनरमध्ये पाच ते दहा टक्के रिटार्डर घालतो आणि सुकायला दुप्पट वेळ धरतो. एसीच्या बंद खोलीत लॅकर मारावा असं वाटू शकतं, पण तो वास फुप्फुसात जातो आणि ती वाफ पेट घेते. बाहेर हवा सोडणारा बूथ आणि वाफ अडवणारा मास्क असल्याशिवाय ते करू नका. मॉडेल एसीत ठेवलं असेल तर ते डब्यात घालून, झाकण लावून गॅलरीत आणतो आणि तासभर तसंच ठेवतो. गार मॉडेलला बाहेरची दमट हवा थेट लागत नाही आणि ते हळूहळू बाहेरच्या तापमानाला येतं.

आणि एक जुना, मोडक्या किटचा पंख आहे, काळ्या रंगाने रंगवलेला. काम सुरू करण्याआधी क्लिअरचा पहिला हात त्याच्यावर मारतो आणि दहा मिनिटं चहा घेऊन येतो. तो काळा राहिला तर मॉडेलला हात लावतो. या जुलैत तो चार वेळा पांढरा पडला, चारही वेळा एअरब्रश धुऊन ठेवून दिला. हंटरचा जोडीदार, १:७२ चा नॅट (हवाई दलाचं दुसरं, छोटं लढाऊ विमान), मॅट कोटची वाट बघत कपाटात उभा आहे, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात.